विमानाचं कार्ड घेताय? आधी विमानतळ ठरवा

धाराशिवकराला विमानप्रवासात तिकिटाइतकाच, कधी कधी तिकिटापेक्षाही जास्त खर्च येतो तो विमानतळ गाठायला. शहराला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. शेजारच्या लातूरचीही तीच गत. एअरलाइनचं क्रेडिट कार्ड गळ्यात मारणारा माणूस मात्र या रस्त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तो बोलतो मैलांबद्दल, लाउंजबद्दल, वेलकम व्हाउचरबद्दल. ही कार्डं वाईट आहेत असं नाही. पण कंपनीच्या कामासाठी महिन्यातून दोनदा उडणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाच्या मापाने ती बेतलेली आहेत. वर्षातून एक-दोनदा उडणाऱ्या कळंबच्या किंवा भूमच्या कुटुंबाने तोच हिशेब मांडला की बेरजेची वजाबाकी होते.

म्हणून सुरुवात कार्डापासून करायचीच नाही. सुरुवात करायची ती आपण खरोखर कुठून उडणार इथून.

कोणाला कोणतं विमानतळ

धाराशिव शहर आणि तुळजापूर तालुक्याला सगळ्यात जवळचं सोलापूर. धाराशिवहून साधारण ६५-७० किलोमीटर, तुळजापूरहून ४५ च्या आसपास. सोलापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं, पण विमान यायला २०२५ उजाडलं. ९ जूनला फ्लाय ९१ ची गोव्याची सेवा सुरू झाली आणि १५ ऑक्टोबरला स्टार एअरची मुंबईची. यात मुद्दा असा की बँका ज्यांची कार्डं हिरिरीने विकतात, त्या इंडिगो किंवा एअर इंडियाने ही उड्डाणं सुरू केलेली नाहीत. घराजवळून उडायचं ठरवलंत तर इंडिगोच्या कार्डावरचे 'इंडिगो तिकिटावर जादा पॉइंट' तुमच्या कामाचे नाहीत. सोलापूरचं तिकीट त्या कार्डाच्या लेखी इतर कुठल्याही खरेदीसारखंच.

उमरगा, लोहारा, नळदुर्ग या भागाचा ओढा हैदराबादकडे. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या उमरग्याहून हैदराबाद दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. तिथून देशभर आणि आखातात थेट विमानं मिळतात. दुबई, दोहा, रियाधला नोकरीला असलेल्यांच्या घरच्यांना हे वेगळं सांगायला नको. परंडा-भूमची माणसं पुण्याला जातात. वाशी आणि येरमाळा हे राष्ट्रीय महामार्ग ५२ लगत, तेव्हा त्यांना छत्रपती संभाजीनगरही जवळ करता येतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. पनवेलच्या बाजूने जाणाऱ्याचा त्यामुळे मुंबई शहरातला ट्रॅफिकचा ताप वाचतो.

आता रस्त्याचा हिशेब. भाड्याची गाडी किलोमीटरला १४ रुपये धरू. तुमच्या गावी दर थोडा वर-खाली असेल, तो घाला. धाराशिव-पुणे एका बाजूने २५० किलोमीटर. गाडीने सोडलं आणि परत आल्यावर घ्यायला आली, तर गाडीवाला जाऊन-येऊन दोनदा धावतो, म्हणजे १,००० किलोमीटर, १४,००० रुपये. टोल वेगळा. हाच प्रकार सोलापूरला केला तर २७० किलोमीटर, ३,८०० च्या आत. फरक दहा हजारांचा. खर्चाच्या दोन टक्के परत देणाऱ्या कार्डावर दहा हजार रुपये कमवायचे तर पाच लाखांचा खर्च त्या कार्डावरून करावा लागतो. म्हणजे वर्षभर पॉइंट गोळा करून जे साधणार नाही, ते विमानतळाची निवड एका फटक्यात साधते किंवा घालवते.

अर्थात गाडीच केली पाहिजे असं कोण म्हणतं? लातूर-मुंबई एक्स्प्रेस रात्री धाराशिवहून निघून पहाटे पुण्यात सोडते. एसटी आहे, खासगी स्लीपर बस आहेत. सामान कमी आणि म्हातारं माणूस सोबत नसेल तर तोच शहाणपणाचा मार्ग. पण बहुतेक वेळा विमानाने जाणं म्हणजे आई-वडिलांना काशी-दिल्ली दाखवणं, किंवा मुलाला परदेशी शिकायला पोचवणं. तेव्हा गाडी होतेच.

कार्डाचे तीन प्रकार

पहिला प्रकार एका एअरलाइनशी बांधलेला. एअर इंडियाचा महाराजा क्लब, इंडिगोचा ब्लूचिप, एमिरेट्स, एतिहाद, सिंगापूर एअरलाइन्स यांच्या नावाची, कुठल्या ना कुठल्या बँकेने काढलेली कार्डं. यांचे पॉइंट त्या एअरलाइनच्या खात्यात जमा होतात आणि प्रामुख्याने तिथेच खपवावे लागतात.

दुसरा प्रकार बँकेच्या स्वतःच्या मैलांचा. ॲक्सिसचं ॲटलस, एसबीआय कार्डाचं माइल्स ही उदाहरणं. पॉइंट बँकेकडे साठतात आणि हवे तेव्हा अनेक एअरलाइनपैकी एकीकडे वळवता येतात.

तिसरा प्रकार तिकीट विकणाऱ्या ॲपशी जोडलेला. मेकमायट्रिप-आयसीआयसीआय, इक्सिगो-एयू, फेडरल बँकेचं स्कॅपिया. यात कुठल्याही एअरलाइनचं तिकीट चालतं, फक्त ते त्या ॲपवरून काढायचं. सोलापूरहून एक, हैदराबादहून दुसरी आणि पुण्याहून तिसरीच एअरलाइन वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा तिसरा प्रकार सगळ्यात सोयीचा पडतो. त्यातली काही कार्डं कायमची बिनवर्गणी आहेत, हा आणखी एक फायदा.

वर्गणीच्या पायऱ्या बाजारात ठरल्यासारख्या आहेत. फुकट, मग हजाराच्या आसपास, मग १,४९९, आणि वर पाच हजारांच्या घरात. या आकड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, जो जाहिरातीत बारीक अक्षरात असतो. १,४९९ चे होतात १,७६९ आणि ४,९९९ चे ५,८९९. हिशेब नेहमी या मोठ्या आकड्यावर करायचा.

खर्चातला किती खर्च मोजला जातो

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबून बघू. धाराशिव शहरातलं एक नोकरदार घर समजू. महिन्याचा खर्च ४०,००० रुपये. किराणा १०,०००, मुलाची लातूरची शिकवणी आणि मेस मिळून ११,०००, एलआयसीचे हप्ते ५,०००, पेट्रोल ४,०००, वीजबिल आणि मोबाइल २,५००, औषधपाणी २,५००, ऑनलाइन खरेदी ५,०००. विक्रेता म्हणतो, 'साहेब, वर्षाला पावणेपाच लाखांच्या वर खर्च तर होतोच, सगळा कार्डावर टाका.'

टाकून बघा. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, फार तर एक टक्का सरचार्ज माफ करतात. विम्याचा हप्ता, वीजबिल आणि मोबाइल बऱ्याच कार्डांवर वगळलेले किंवा अर्ध्या दराने धरलेले. ॲटलसने विमा, वीज-पाणी, टेलिकॉम, भाडं, सोनं आणि सरकारी भरणा हे सगळं यादीबाहेर काढलं. शिकवणीवाला पैसे घेतो ते खात्यावर किंवा रोख, मेसवाली मावशी तर रोखच. शैक्षणिक फी एखाद्या मधल्या ॲपवरून कार्डाने भरली तर अनेक बँका वर एक टक्का शुल्क लावतात. तेच पैसे कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा त्यांच्या मशिनवर भरले तर ते शुल्क लागत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं.

राहिला किराणा. मोठ्या दुकानात स्वाइप मशिन असतं, गल्लीतल्या दुकानात क्यूआर. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआरवर चालतं, ही सोय २०२२ पासून आहे आणि तालुक्याच्या गावाला ती फार उपयोगी आहे. पण ती दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवरच चालते. दुकानदाराने स्वतःच्या खात्याचा साधा क्यूआर चिकटवला असेल तर ॲप क्रेडिट कार्डाचा पर्याय दाखवतच नाही. काही दुकानदार कार्ड बघितलं की 'दोन टक्के वर पडतील' म्हणतात. ते दोन टक्के दिले की तुमचे दोन टक्क्यांचे पॉइंट तिथल्या तिथे संपले. शिवाय यूपीआयवरून केलेल्या खर्चाला कित्येक कार्डं कमी पॉइंट देतात. कार्ड घेताना ते रुपेवर मिळतं का आणि यूपीआयवर पॉइंटचा दर काय, हे दोन प्रश्न आपल्या जिल्ह्यात लाउंजच्या प्रश्नाच्या आधी विचारायचे.

तर किराण्यातले निम्मे ५,०००, ऑनलाइनचे ५,०००, औषधांचे २,५००. महिन्याला साडेबारा हजार, वर्षाला दीड लाख. पावणेपाच लाखांतले मोजले गेले दीड लाख.

आता या दीड लाखावर वर्गणीच्या तीन पायऱ्या लावू. वर्गणी १,४९९ आणि परतावा एक टक्का: मिळाले १,५००, गेले १,७६९, तोटा २६९. वर्गणी ४,९९९ आणि परतावा दोन टक्के: मिळाले ३,०००, गेले ५,८९९, तोटा जवळपास २,९००. वर्गणी शून्य आणि परतावा दोन टक्के: निव्वळ ३,०००. स्कॅपियावर २०२५ च्या अटींप्रमाणे खर्चाच्या दहा टक्के 'कॉइन' मिळतात आणि पाच कॉइनचा एक रुपया होतो, म्हणजे दोनच टक्के. जाहिरातीत दहा टक्के दिसतात, हातात दोन पडतात. तरी हेही नसे थोडके, कारण वर्गणी नाही. मात्र ते दोन टक्के फक्त त्यांच्याच ॲपवर प्रवासासाठी वापरता येतात आणि त्यांचीही वगळलेल्या खर्चांची यादी आहेच.

पहिल्या वर्षी वेलकम व्हाउचर किंवा पॉइंट मिळतात, त्यामुळे महागड्या कार्डाचं पहिलं वर्ष चांगलं दिसतं. हिशेब दुसऱ्या वर्षाचा करा. व्हाउचर कुठे चालतं तेही वाचा. कित्येकदा ते तिकिटाच्या मूळ भाड्यालाच लागू असतं, कर आणि विमानतळाचे आकार खिशातून जातात. पॉइंटवर काढलेल्या 'फुकट' तिकिटाचंही बहुधा असंच असतं.

मग महाग कार्ड कोणाला परवडतं

परवडतं, काही जणांना नक्की परवडतं. तुळजापूरचा एखादा व्यापारी, जो मालाची खरेदी कार्डावर करतो आणि ती खरेदी वगळलेल्या यादीत नाही. एखादा डॉक्टर, जो वर्षाला चार-पाच परिषदांना जातो. ज्यांचा मोजला जाणारा खर्च सहा-सात लाखांच्या वर आहे, त्यांनी ॲटलससारख्या कार्डाचा विचार करावा. त्याचं गणित २०२४-२५ च्या अटींनुसार असं बसतं: १०० रुपयांना दोन मैल, थेट एअरलाइनच्या वेबसाइटवर किंवा हॉटेलमध्ये केलेल्या खर्चावर पाच, तीन लाख खर्च झाला की वर २,५०० मैल. तीन लाखांच्या साध्या खर्चावर एकूण ८,५०० मैल. एक मैल एक रुपया धरला आणि ५,९०० वर्गणी वजा केली तर उरतात २,६००. त्याच तीन लाखांवर बिनवर्गणीचं दोन टक्क्यांचं कार्ड ६,००० देतं. म्हणजे मैल रुपयाच्या भावाने वापरणाऱ्याला हे महाग कार्ड घाट्यातच. त्याची खरी किंमत निघते ती मैल परदेशी एअरलाइनकडे वळवून लांबच्या प्रवासाचं तिकीट काढणाऱ्याला, कारण बऱ्याच भागीदारांकडे एकाचे दोन होतात. पण त्यासाठी तारखा सैल हव्यात, चार-सहा महिने आधी बसून जागा शोधायची चिकाटी हवी. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आईला तारीख निवडायची चैन नसते.

लेक-जावई अमेरिकेत किंवा युरोपात असतील आणि वर्षा-दीड वर्षाने जाणं-येणं होत असेल, तर एअर इंडियाचे पॉइंट साठवण्यात अर्थ आहे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर अशा भागीदारांच्या विमानांतही ते वापरता येतात. त्यासाठी कार्ड लागतंच असं नाही. सदस्यत्व फुकट आहे आणि तिकिटावर त्याचा क्रमांक घातला की पॉइंट मिळतात. ही गोष्ट एजंटकडून तिकीट काढणारे सर्रास विसरतात. एजंटला क्रमांक द्या, एवढंच.

आखाताच्या खेपा करणाऱ्या उमरग्याच्या घरांसाठी हिशेब वेगळा. तिकडचा माणूस तिकडच्याच बँकेचं कार्ड वापरत असतो. इथल्या घरच्यांनी दुबईला जाऊन खरेदी करायची असेल तर पॉइंटपेक्षा परकीय चलनाचा आकार बघायचा. नेहमीच्या कार्डावर तो साडेतीन टक्के, जीएसटी धरून ४.१३. एक लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. हा आकार शून्य असलेली कार्डं आहेत, स्कॅपिया आणि इक्सिगो-एयू त्यातलीच. एका सहलीत वाचलेले हे चार हजार वर्षभराच्या मैलांपेक्षा जास्त भरतात.

लाउंजचं काय

लाउंज ही खरं तर आपल्याला उपयोगी सोय. पुणेकर विमानाच्या दीड तास आधी घरातून निघतो. आपण टेंभुर्णीजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागतील, हडपसरला अडकू, या धास्तीने चार तास आधी पोचतो. त्या वेळेत बसायला खुर्ची आणि पोटभर जेवण मिळालं तर कोणाला नको? पण ही सोय आता खर्चाला बांधली गेली आहे. आयसीआयसीआयच्या बऱ्याच कार्डांवर नोव्हेंबर २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ७५,००० रुपये खर्च झाला असेल तरच लाउंज. आपल्या नमुन्याच्या घराचा मोजला जाणारा तिमाही खर्च साडेसदतीस हजार. दार बंद. स्कॅपियाची अट महिन्याला वीस हजारांची, ती तिकीट काढलेल्या महिन्यात पुरी होऊ शकते. शिवाय ही सोय कार्डधारकापुरती असते. बायको आणि दोन मुलं बाहेर ठेवून एकट्याने आत जाऊन इडली खाणं कोणाच्या नशिबी येऊ नये. लाउंजपोटी वर्षाला पाच हजार वर्गणी भरण्यापेक्षा चौघांचं जेवण विकत घेतलेलं स्वस्त.

एअरलाइन बुडते, कार्ड उरतं

मैल हे पैसे नव्हेत. त्यांचा भाव कंपनी ठरवते आणि बदलतेही. किंगफिशरची उड्डाणं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तेव्हा तिच्या किंग क्लबचे पॉइंट ज्यांच्या खात्यात होते त्यांचा साठा निकामी झाला. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आली. तिचा जेटप्रिव्हिलेज वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून पॉइंट वाचले, तो इंटरमाइल्स या नव्या नावाने चालू राहिला, पण ज्या विमानासाठी लोकांनी ते साठवले ते विमानच राहिलं नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट एअर इंडियाकडे गेले, पण क्लब विस्ताराच्या नावाची ॲक्सिस, एसबीआय, आयडीएफसी फर्स्टची कार्डं गुंडाळली गेली. ज्यांनी वर्षाच्या फुकट तिकिटासाठी ती घेतली होती त्यांना दुसरं कार्ड शोधावं लागलं.

एअरलाइन धडधाकट असली तरी दर बदलतात. एअर इंडिया-एसबीआय सिग्नेचरवर एअर इंडियाच्या तिकिटावर १०० रुपयांना ३० पॉइंट मिळायचे, ३१ मार्च २०२५ पासून १० झाले. प्लॅटिनमवर १५ चे ५. वर्गणी भरून बसलेल्याने काय करायचं? तेव्हा पॉइंट साठवत बसू नका. दोन वर्षांत वापरता येतील एवढेच जमवा आणि वापरा. आणि एकाच एअरलाइनवर सगळी भिस्त नको. देशांतर्गत प्रवासी साठ टक्क्यांहून अधिक इंडिगोने जातात, म्हणून तिचं कार्ड घेणं सोपं वाटतं. पण डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तिचीच उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा ज्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचं तिकीट काढायचे पैसे होते ते घरी पोचले. तिथे पॉइंट उपयोगाला आले नाहीत.

अर्ज, नकार आणि एफडीचा रस्ता

अर्जाची पहिली चाळणी पगाराची असेल असं वाटतं. ती असते पिनकोडची. काही कंपन्या ठरावीक शहरांबाहेर कार्ड देतच नाहीत, आणि तालुक्याच्या गावचा पत्ता टाकला की अर्ज पुढे सरकत नाही. त्यासाठी पुण्यातल्या भाच्याचा पत्ता देण्याच्या भानगडीत पडू नका. पडताळणीत ते उघडं पडतं, आणि कार्ड, पिन, स्टेटमेंट सगळं तिकडे जातं. पाठोपाठ चार बँकांना अर्ज करणंही टाळा. प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलमध्ये होते.

शेती हेच मुख्य उत्पन्न असलेल्याकडे पगाराची स्लिप नसते, आयकर विवरण नसतं. सोयाबीनचे पैसे खात्यावर आले तरी बँकेचा संगणक ते उत्पन्न धरत नाही. अशांना मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. ठेवीच्या रकमेच्या जवळपास मर्यादा मिळते, ठेवीवर व्याज चालू राहतं आणि सिबिल तयार होतं. वर्षभर नीट वापरलं की साध्या कार्डाचा दरवाजा उघडतो. परदेशी शिकायला निघालेल्या मुलालाही हाच रस्ता बरा. ठेवीवरच्या काही कार्डांवर परकीय चलनाचा आकार नाही.

एक महिना चुकला तर

क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला पावणेचार टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये व्याजाला ३० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो आदेश रद्द केला, तेव्हा त्या आशेवरही राहू नका. वीस हजारांची बाकी एक महिना ओढली तर ७५० रुपये व्याज आणि १३५ जीएसटी, मिळून ८८५. दोन टक्क्यांच्या कार्डावर एवढे पैसे कमवायला ४४,००० च्या वर खर्च लागतो. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो छोटा आकडा असतो, तो भरला की दंड आणि सिबिलचा डाग टळतो, व्याज नाही. आणि बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ती पहिल्या दिवसापासून व्याजात जाते. ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे, कारखान्याचं ऊसबिल कधी येईल याचा भरवसा नाही, त्यांनी मैलांच्या नादाने कार्डावर खर्च वाढवू नये. खात्यात पैसे आहेत आणि तरीही कार्ड वापरलं, तरच पॉइंट फुकट.

सही करण्याआधी आणि नंतर

मॉलमधला किंवा विमानतळावरचा स्टॉलवाला 'लाइफटाइम फ्री' म्हणाला तर ते मेलवर किंवा अर्जावर लिहून मागा. पहिल्या वर्षापुरती वर्गणी माफ असणं आणि कायमची माफ असणं यात तो मुद्दाम गल्लत करतो. 'महत्त्वाच्या अटी व शर्ती' हे वेगळं कागदपत्र देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात तीन जागा वाचा: वर्गणी, वगळलेले खर्च, परकीय चलनाचा आकार. न मागता कार्ड पाठवून त्याचं बिल लावलं तर ते रद्द करून वर त्या रकमेच्या दुप्पट दंड कंपनीने तुम्हाला द्यायचा, असा २०२२ चा नियम आहे. आलेलं कार्ड तुम्ही तीस दिवसांत सुरू केलं नाही तर कंपनीला तुमची ओटीपीने संमती घ्यावी लागते. संमती दिली नाहीत तर ते विनाशुल्क बंद झालं पाहिजे.

'तुमचे ८,४०० पॉइंट आज रात्री संपतील, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज आला तर तो बँकेचा नाही असंच धरून चाला. पॉइंट बघायचे तर बँकेचं ॲप स्वतः उघडून. पैसे गेलेच तर लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० वर फोन करा. चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी स्वतः दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. बँकेने तीस दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. चौकशीचा क्रमांक १४४४८.

कार्ड नकोसं झालं तर वर्गणीचं बिल पडण्याच्या महिनाभर आधी बंद करायला घ्या. सगळी बाकी भरा आणि बंद करण्याची विनंती मेलवर टाका. फोनवरचा माणूस 'पुढचं वर्ष अर्ध्या वर्गणीत' म्हणून थोपवू बघेल. परवडत असेल तर घ्या, नाहीतर नाही म्हणा. बाकी शून्य असताना सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये कंपनीने तुम्हाला द्यायचे आहेत, म्हणून विनंतीची तारीख जपून ठेवा. पॉइंट मात्र त्याआधीच संपवा किंवा एअरलाइनकडे वळवून घ्या. बँकेकडे पडून असलेले पॉइंट कार्डासोबत जातात, एअरलाइनच्या खात्यात गेलेले तिथल्या मुदतीपर्यंत राहतात.